काडतूस कमी पडलं

बाबांचे दिवस झाले आणि दादाने पहिला विषय काढला तो रायफलचा. बँकेची खाती, घराचे कागद, गॅसचं कनेक्शन या सगळ्याला वेळ होता, रायफलला नव्हता. परवाना ज्याच्या नावावर असतो तो माणूस गेला की शस्त्र घरात ठेवता येत नाही. ते ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं, पावती घ्यायची आणि मग वारसांनी ठरवायचं: कुणाच्या तरी नावावर करून घ्यायचं, विकायचं, की सरकारजमा करायचं. आम्ही ती जुन्या चादरीत गुंडाळून ठाण्यात नेली. पावतीवर लिहिलं गेलं: रायफल एक, तीनशे पंधरा बोर, काडतुसं पाच. दादा पुण्याला परत निघाला तेव्हा दारात म्हणाला, "तुझ्या नावावर करून घे. मी फ्लॅटमध्ये कुठे ठेवू? आणि आजोबांची एवढी एकच वस्तू उरलीय." आई काहीच बोलली नाही.

त्याला आता चार महिने होत आले. अर्ज माझ्या टेबलावर, शब्दकोशांच्या शेजारी पडून आहे. नाव, वडिलांचं नाव, पत्ता: रिसाली, भिलाई, जिल्हा दुर्ग, हे सगळं भरून झालं आहे. एक रकाना रिकामा आहे. शस्त्र कशासाठी हवं? आजोबांच्या परवान्यावर त्या जागी 'शिकार' होतं. बाबांच्या परवान्यावर 'आत्मरक्षा'. हा निबंध म्हणजे तो रकाना भरण्याचा प्रयत्न आहे, असं समजायला हरकत नाही.

आमच्या घरात ही रायफल वर्षातून एकदाच उघड्यावर येई. खंडेनवमीला बाबा ती गोदरेजच्या कपाटातून काढत, तेलाच्या फडक्याने पुसत, बोल्ट मागेपुढे करून नळी रिकामी असल्याची खात्री करत आणि पाटावर ठेवत. शेजारी त्यांचा भिलाई स्टील प्लांटमधला जुना पाना, आईची शिलाई मशीनची कात्री, आणि मी अनुवाद करू लागल्यापासून माझा मोल्सवर्थ. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल. दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं वाटून झाली की रायफल परत कपाटात. बाकी ती बाहेर पडे ती निवडणुकीच्या आधी, ठाण्यात जमा करायला. "सोनं देऊन येतो, निवडणूक झाली की आणतो" असा बाबांचा दरवेळचा विनोद असे. ते बत्तीस वर्षं त्या रायफलचे मालक होते आणि त्यांनी तिच्यातून एकही गोळी झाडली नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते, कारण तिच्या नावातच अर्धी गोष्ट आहे. नळीवर कारखान्याची खूण आहे ती इशापूरच्या रायफल फॅक्टरीची, कोलकात्याच्या उत्तरेची. १९०४ पासून तिथे सैन्यासाठी रायफली होतात. आमची रायफल त्याच ली-एनफिल्ड घराण्यातली, पण नागरिकांसाठी केलेली. सैन्यात ती तीनशे तीन बोरची असे. ब्रिटिश सरकारने सैन्याच्या मापाची काडतुसं नागरिकांच्या हाती पडू नयेत म्हणून त्या मापांवर बंदी घातली होती. म्हणून हिंदुस्थानातल्या परवानाधारकांसाठी त्याच धाटणीच्या रायफलीला वेगळं काडतूस निवडलं गेलं: आठ मिलिमीटरचं, मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याच्या मॅनलिखर रायफलीचं. इंचांत मोजलं तर ०.३१५, म्हणून 'तीनशे पंधरा'. राज्य बदललं तरी नियम राहिला, आणि तीनशे पंधरा हे आपल्याकडच्या शिकाऱ्यांचं, जमीनदारांचं, पुढे बँकांच्या पहारेकऱ्यांचंही हत्यार झालं. काडतुसांच्या बुडावर 'के. एफ.' कोरलेलं आहे. के म्हणजे किरकी, आपली पुण्याची खडकी. तिथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. म्हणजे भिलाईच्या मराठी घरातल्या कपाटात बंगालची नळी आणि पुण्याचं काडतूस एकत्र नांदत होतं.

या प्रकारच्या बंदुकीला 'स्पोर्टिंग रायफल' म्हणतात. अनुवादक म्हणून मी तिथेच अडखळते. 'खेळाची रायफल' म्हटलं तर जत्रेतले फुगे आठवतात. मोठ्या जनावरांना इंग्रजीत 'बिग गेम' म्हणतात. मोठा खेळ? मराठीत तसा शब्द नाही आणि नाही याचं मला बरं वाटायचं. पण आपल्या शब्दाकडे पाहिलं तर तोही साधा नाही. 'शिकार' ही क्रिया आहे आणि मारलं गेलेलं जनावरही शिकारच. 'वाघाची शिकार' यात वाघ मारणारा की मेलेला, हे पुढच्या वाक्यावर ठरतं. इंग्रजीने मरणाऱ्याला खेळात घेतलं. आपण त्याला मारण्याच्या क्रियेतच विरघळवून टाकलं. दोन्हीकडे जनावराला स्वतःचं नाव उरलं नाही.

आता आजोबा. ते भंडाऱ्याकडून इकडे आले ते जंगलातल्या लाकडाच्या ठेकेदारीत मुनीम म्हणून. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. दुर्ग-राजनांदगावपासून कवर्ध्यापर्यंत नवे रस्ते, नवी माणसं, नवे ठेके आले. १९६४ मध्ये त्यांनी ही रायफल घेतली. तेव्हा जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत, वनखात्याकडून परवाना घेऊन ठरलेल्या मुदतीत ठरलेली जनावरं मारता येत. त्यांनी सांबर मारले, रानडुकरं मारली. आणि १९६९ च्या हिवाळ्यात, मैकलच्या डोंगरात, त्यांनी एका गव्यावर बार टाकला.

ही गोष्ट आम्ही लहानपणी इतक्या वेळा ऐकली की तिचे शब्द पाठ आहेत. पहाटेची वेळ. ओढ्याकाठी एकटा नर. सत्तर पावलांवर. आजोबांनी खांद्यामागे नेम धरला, चाप ओढला. गवा गुडघ्यावर बसला आणि उठला. आजोबांनी बोल्ट उचलला, मागे ओढला, पुंगळी उडाली, पुढे ढकलला, दाबला. दुसरा बार टाकेपर्यंत तो बांबूत शिरला होता. रक्त होतं, फेसाळ नव्हे, गडद. म्हणजे फुप्फुसाला लागलं नव्हतं. एका बैगा वाटाड्याला घेऊन ते दोन दिवस माग काढत फिरले. एका जागी गवत दबलेलं होतं, तिथे तो रात्रभर बसला असावा. त्याच्या पुढे खडक लागला आणि माग संपला. गोष्ट इथे थांबे. मग आजोबा पान लावत आणि म्हणत, "काडतूस कमी पडलं, बाळ. त्याला मोठं काडतूस हवं होतं."

ते खरंच होतं. पूर्ण वाढलेला गवा आठशे-नऊशे किलोचा असतो. खांद्याची हाडं जाड, वर मांसाचा डोंगर, हृदय खाली, पुढच्या पायाच्या रेषेत. तीनशे पंधराची गोळी साधारण सोळा ग्रॅमची, नळीतून निघताना सेकंदाला सहाशे मीटरहून थोडी अधिक वेगाची. सांबराला पुष्कळ. गव्याच्या खांद्यावर मात्र मऊ टोकाची गोळी हाडावरच फुटून पसरते, आत पोचत नाही. अशा जनावरांसाठी जाणकार ०.३७५ मॅग्नम सुचवतात. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ते काडतूस १९१२ मध्ये काढलं आणि आजही जगभरच्या शिकारी त्याला मोठ्या जनावरांचं किमान माप मानतात.

या लोकांची एक नीती आहे आणि तिची मी थट्टा करणार नाही. तिचा गाभा असा: जनावर मारायचंच असेल तर ते एका गोळीत, वेदना न होता मेलं पाहिजे. त्यासाठी पुरेसं काडतूस वापरणं हे कर्तव्य. जनावराच्या शरीराचं ज्ञान हे कर्तव्य. खात्री नसेल तर बार न टाकणं हे कर्तव्य. जखमी जनावर सोडून येणं हे पाप. त्याचा माग काढून शेवट करायचाच, स्वतःच्या जिवाला धोका असला तरी. बोल्ट-ॲक्शनवर त्यांचं प्रेम आहे ते याच नीतीमुळे. पीटर पॉल माउजरने १८९८ मध्ये जी रचना पक्की केली तीत काडतूस मॅगझिनमधून वर येताच पोलादी नखीने पकडलं जातं आणि नळीत शिरेपर्यंत सुटत नाही. अंगावर येणाऱ्या जनावरासमोर ते अडकून चालत नाही. शिवाय दर बारानंतर हाताने चार हालचाली कराव्या लागतात, म्हणून पहिलाच बार नीट टाकण्याची सवय लागते.

याच नीतीच्या आत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, मोठं काडतूस घ्या. दुसरा म्हणतो, ज्ञान घ्या. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. डी. एम. बेलने आफ्रिकेत हस्तिदंतासाठी हजारावर हत्ती मारले, त्यांतले बरेचसे सात मिलिमीटरच्या माउजर काडतुसाने, जे गव्यालाही लहान पडावं. त्याने हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे बसतो ते अभ्यासलं होतं. हेच काडतूस इंग्रजांनी ०.२७५ रिग्बी या नावाने घेतलं. कुमाऊँमधल्या चंपावतच्या वाघिणीने, नोंदीप्रमाणे, ४३६ माणसं मारली होती. जिम कॉर्बेटने तिला १९०७ मध्ये मारलं त्याबद्दल त्याला बक्षीस मिळाली ती याच मापाची बोल्ट-ॲक्शन. बेल आणि कॉर्बेट, एकच काडतूस. एकाने दंतासाठी चालवलं, दुसऱ्याने गावांना पुन्हा सरपण आणायला जाता यावं म्हणून. काडतुसाच्या बाजूने पाहिलं तर दोघेही उत्तम. 'कसं मारलं' या परीक्षेत दोघांनाही पैकीच्या पैकी गुण आहेत.

माझी अडचण इथून सुरू होते.

मी एम. ए. जादवपूरला केलं, तौलनिक साहित्यात. रविवारी कल्याणीला मैत्रिणीकडे जायचं तर सियालदहहून लोकल. वाटेत आधी दमदम लागे, पुढे बराकपूरनंतर इच्छापूर. तेव्हा इच्छापूरचा फलक दिसला की आपल्या घरची रायफल इथली, एवढंच मनात येई. दमदमचा संबंध खूप वर्षांनी, एका लष्करी आठवणींच्या पुस्तकाचा अनुवाद करताना लागला.

१८९५ च्या चित्रालच्या मोहिमेनंतर ब्रिटिश सैन्यातून तक्रारी आल्या. नव्या तीनशे तीन रायफलीची गोळी कठीण धातूच्या पूर्ण कवचाची होती. ती माणसाच्या आरपार जाई आणि माणूस तरीही धावत येई. काडतूस कमी पडत होतं. तेव्हा दमदमच्या कारखान्याने गोळीच्या टोकावरचं कवच कमी केलं. आतलं शिसं उघडं राहिलं; शरीरात शिरताच ते छत्रीसारखं पसरे आणि जखम कित्येक पटींनी मोठी होई. दमदम गोळी ती हीच. १८९९ च्या हेगच्या परिषदेने पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यावर बंदी घातली, कारण त्या निष्कारण क्रूर आहेत. ब्रिटनने विरोध केला. त्यांचे प्रतिनिधी सर जॉन अर्डाह यांचा युक्तिवाद असा होता की सुसंस्कृत सैनिक साध्या गोळीने थांबतो. रानटी माणूस थांबत नाही, त्याला ही लागते.

आणि शिकारीत? शिकारीच्या नीतीप्रमाणे मोठ्या हरणावर पूर्ण कवचाची गोळी झाडणं हा गुन्हा आहे. ती आरपार जाते, जनावर मैलभर पळून तडफडून मरतं. अनेक देशांच्या कायद्यांत हरणाला पसरणारी गोळीच वापरावी अशी सक्ती आहे. कारण ती दयाळू आहे. एकच शिसं, पसरण्याची एकच रीत. एका कायद्यात क्रौर्य म्हणून बंद, दुसऱ्यात दया म्हणून सक्तीची.

हे मी बरेच दिवस घोळवत होते. यात विसंगती आहे असं आधी वाटलं, पण नाही. हेगच्या मागे १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याचं तत्त्व आहे: युद्धात शत्रूला लढण्याजोगा न ठेवणं पुरेसं, त्यापलीकडचं दुखणं निरर्थक. म्हणजे माणसाच्या बाबतीत तो जगू शकेल ही शक्यता उघडी ठेवलेली आहे. जखमी करून थांबता येतं. शिकारीत मरण आधीच ठरलेलं आहे. ते ठरलं की दयेला एकच काम उरतं, घाई करणं. अर्डाहने नेमकं हेच केलं: काही माणसांना त्याने दुसऱ्या रकान्यात हलवलं, जिथे मरण ठरलेलं आहे, आणि मग मऊ गोळी आपोआप योग्य झाली. त्याने गोळीबद्दल वाद घातलाच नाही. रकाना बदलला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. 'कसं मारावं' याचं शास्त्र जितकं निर्दोष होत जातं, तितकं 'का मारावं' हे विचारायला जागा कमी उरते. मुद्दाम कुणी दडपत नाही. कसं या प्रश्नाला उत्तरं असतात: ग्रेन, वेग, कोन, अंतर. ती मोजता येतात, शिकता येतात, मुलाला शिकवता येतात. त्या उत्तरांनी मन भरतं आणि आपण नीतीचा विचार केला असं समाधान मिळतं. विचार केलेला असतोच, फक्त दुसऱ्या प्रश्नाचा.

याचं सगळ्यात लखलखीत उदाहरण आमच्याच राज्यात आहे, उत्तरेला, कोरियात. १९४७ साली कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले. तिन्ही नर, बहुधा एकाच विणीतले, शेजारी शेजारी बसलेले. त्यांच्या खासगी सचिवाने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला तपशील आणि फोटो पाठवले. त्या तपशिलाप्रमाणे दोन गोळ्या लागल्या. पहिलीने एक मेला. दुसरी एकातून निघून मागच्याला लागली आणि दोघेही गेले. काडतूस कमी पडलं नाही, उरलं. संस्थेच्या नियतकालिकाने १९४८ मध्ये ती नोंद छापली आणि खाली संपादकांनी उघड नापसंतीची टीप जोडली. भारतातल्या चित्त्यांची ही शेवटची खात्रीची नोंद मानतात. १९५२ मध्ये चित्ता देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ ला, नामिबियाहून आठ चित्ते विमानाने कुनोला आणावे लागले.

महाराजांना खलनायक करणं सोपं आहे आणि निरुपयोगीही. त्यांच्या शेजारच्या सरगुजाच्या महाराजांनी जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाला आपण मारलेल्या वाघांचा आकडा कळवला तो ११५०. अंकांनंतर अक्षरांत, आणि पुढे चेकवर लिहितात तसं 'फक्त'. या माणसांकडे क्रौर्य होतं असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे उत्तम रायफली होत्या, उत्तम हात होता, हिशोबाची चोख पद्धत होती. कोरियाच्या त्या चिठ्ठीत लांबी, लिंग, गोळ्यांची संख्या सगळं आहे. नाही ते एकच, आणि ते नाही हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलं नसावं.

कुणी म्हणेल, 'का'ला कधी कधी खरं उत्तर असतं. असतं. यवतमाळच्या पांढरकवड्याकडे अवनी, म्हणजे टी-१ वाघीण, हिच्या नावावर तेरा माणसांचे बळी लावले गेले. कापूस वेचायला शेतात जाणं बंद झालं, गुरं घेऊन जाणाऱ्यांच्या घरी संध्याकाळ जीव टांगणीला लावून येई. शहरातल्या वर्तमानपत्रांत तिच्या बछड्यांचं वय छापून येई. मेलेल्या गुराख्यांच्या मुलांचं क्वचित. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. इथे 'का' विचारलं गेलं होतं, महिनोन्‌महिने, कोर्टात, गावात. मला ते उत्तर पटतं की नाही हा वेगळा भाग. मी रिसालीत पंख्याखाली बसून ते ठरवू नये. पण पुढे काय झालं ते पाहा. ती मेल्यावर जो वाद पेटला त्यातला बराचसा 'कसं'चा होता. भुलीचं इंजेक्शन आधी मारलं का? रात्री का? बार टाकण्याचा अधिकार कुणाला होता? ती समोरून येत होती की वळलेली होती? हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण त्यांच्या गदारोळात तेरा घरं आणि आक्रसत गेलेलं जंगल हे दोन्ही मागे पडलं. 'कसं' हा प्रश्न शिकाऱ्याइतकाच शिकारीच्या विरोधकालाही सोयीचा असतो.

माझ्यावर उलटणारा आक्षेपही मांडते, कारण तो दादाने फोनवर मांडलाच. तो म्हणाला, "तू दर रविवारी मटण खातेस. त्या बोकडाचं 'का' विचारतेस का? आजोबांनी निदान जनावर जिवंत पाहिलं होतं." याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. सुपेल्याच्या बाजारात मी पाठ वळवून उभी राहते, हिशोब मोबाइलवर देते. खाटकाचं 'कसं' मी पाहतही नाही. आजोबांनी ते तरी निभावलं, दोन दिवस खडकापर्यंत चालत जाऊन. तेव्हा मी त्यांच्याहून नीतिमान आहे असा या लिखाणाचा सूर लागला असेल तर तो चुकला. फरक एवढाच की माझ्या टेबलावर एक अर्ज आहे आणि त्यात तो प्रश्न छापील अक्षरांत विचारलेला आहे. मटणवाला विचारत नाही.

मग 'कसं'ला काही अर्थच नाही का? गव्याच्या बाजूने पाहिलं तर सगळा अर्थ त्यातच आहे. त्याला आजोबांचं कारण माहीत नव्हतं. त्याला फक्त ती दबलेल्या गवतातली रात्र माहीत होती. मोठं काडतूस असतं तर ती रात्र झाली नसती. हे मी नाकारू शकत नाही आणि नाकारणारा माणूस माझ्या विश्वासाचा नाही. मला खटकतं ते एवढंच, की आमच्या घरात त्या रात्रीतून जे वाक्य उरलं ते काडतुसाबद्दलचं होतं. पन्नास वर्षं आम्ही ते वाक्य पुढे देत आलो. दादाच्या मुलालाही ते पाठ आहे. अनुवाद करताना असं होतं: मूळ वाक्यातला अवघड भाग सोडून सोपा भाग फार सुबक उतरतो आणि वाचणाऱ्याला काही सुटलंय याची शंकाही येत नाही.

परवा आई भाजी निवडत होती. मी सहज विचारलं, आजोबांना मोठं काडतूस हवं होतं तर त्यांनी मोठी रायफल घेतली का नाही? कायदा आला म्हणून शिकार सुटली, हे आम्ही ऐकत आलो होतो. आईने मान वर केली नाही. म्हणाली, "कायदा बाहत्तरचा. सासूबाई सांगायच्या, एकोणसत्तरनंतर त्यांनी बारच टाकला नाही. पैसे होते. दुकानदार दुर्गहून दोनदा येऊन गेला. हे म्हणाले, बघू." थोड्या वेळाने म्हणाली, "ती पाच काडतुसं त्याच डब्यातली आहेत. त्यांनी ती विकलीही नाहीत आणि संपवलीही नाहीत."

मी बराच वेळ तिथेच बसले. म्हणजे आजोबांनी तो प्रश्न स्वतःला विचारला होता. उत्तर काय मिळालं ते त्यांनी सांगितलं नाही, कदाचित त्यांच्याकडे त्याला शब्द नव्हते; वागून दाखवलं. आम्हाला मात्र त्यांनी दिलं ते सांगता येण्याजोगं वाक्य, आणि आम्ही ते सांभाळलं. म्हातारपणी संध्याकाळी ते अंगणात बसत. वारा मरोद्याच्या बाजूने असला की मैत्रीबागेतल्या वाघाचा आवाज ऐकू येई. मैत्रीबागही १९७२ चीच, कायद्याच्या वर्षाची. आवाज आला की ते बोलणं थांबवत, आवाज थांबला की पुन्हा सुरू करत. त्याचा अर्थ तेव्हा कुणी विचारला नाही.

काल ठाण्यात गेले. मुन्शींनी अर्ज पाहिला आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "कारण तो लिखना पड़ेगा, मैडम. कुछ भी लिख दीजिए. आत्मरक्षा लिख दीजिए, सब यही लिखते हैं." त्यांच्या स्वरात मदतच होती. बाबांनीही असंच कुणाच्या तरी सांगण्यावरून ते लिहिलं असणार. मी पेन उघडलं. आत्मरक्षा: कोणापासून? वारसा: कशाचा? शिकार: ते तर नाहीच. नव्या नियमांत कुटुंबाची वडिलोपार्जित वस्तू म्हणूनही शस्त्र ठेवता येतं. दादाला तेच हवं आहे. ते लिहिलं असतं तर खोटं ठरलं नसतं. पण आजोबांनी जे सोडून दिलं त्याचीच वस्तू करून खंडेनवमीला पाटावर मांडायची, हे मला जमलं नाही.

मी तो अर्ज परत घेतला आणि साध्या कागदावर दुसरा लिहिला, शस्त्र सरकारजमा करण्याचा. मुन्शींनी तोही वाचला. "इसमें भी कारण लिखिए." मी म्हटलं, काय लिहू? ते म्हणाले, "अनुपयोगी." मी तोच शब्द लिहिला. खाली सही केली. त्यांनी नोंदवही उघडून रायफलीचा नंबर दोनदा पडताळला, मग काडतुसं टेबलावर ओतून मोजली. एक पुंगळी गडगडत कडेला आली, ती मी हाताने अडवली. पितळ काळवंडलं होतं, टोकाचं शिसं तसंच होतं. मी ती परत त्यांच्या बाजूला सरकवली आणि त्यांनी पाचचा आकडा लिहिला.

दादाला अजून सांगायचं आहे.